तेल वाढवण्याआधी हवा बघ

चि. मैत्रेयीस,


सोयातेलाचं फीड वाढवूनही क्लॅव्युलॅनिक आम्ल वाढत नाही, म्हणून तुमचे साहेब आता नवा स्ट्रेन शोधायला निघालेत म्हणतेस. शोधू देत. तू तोवर टाकीजवळच थांब.

तेलाची निवड बरोबरच आहे. हे आम्ल बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्युलिजेरसला ग्लुकोज धड आत घेता येत नाही. सोयातेल लायपेजने फुटलं की त्यातून मेदाम्लं आणि ग्लिसरॉल सुटतं. क्लॅव्युलॅनिक आम्लाला लागणारा तीन कार्बनांचा तुकडा या ग्लिसरॉलमधून मिळू शकतो; बाकीचा सांगाडा आर्जिनिनचा.

पण एक ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला सुमारे १.०७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तेवढ्याच ऑलिक आम्लाला, म्हणजे तेलातल्या एका मेदाम्लाला, जवळजवळ २.९ ग्रॅम. तुझ्या तक्त्यात तेलाचे आकडे तासातासाचे आहेत, डीओचा (विरघळलेल्या ऑक्सिजनचा) मात्र एकही नाही! जीवाणूच्या धाग्यांनी ब्रॉथ दाट झाला की हवा विरघळायला आधीच अडते, त्यात हे जादा खाणं. आधी हवा आणि ढवळणं किती वाढवता येतं ते बघ. ढवळताना धागे तुटणार नाहीत एवढं सांभाळ.

आणखी एक. रात्रपाळीचा ऑपरेटर फेस दिसला की तेल मारतो, ते फीडच्या नोंदीत येतं का? (पेनिसिलिनच्या सुरुवातीच्या काळात फेसासाठी डुकराच्या चरबीचं तेल घालत, बुरशी तेही खाते, हे पुढे ध्यानात आलं.)

किती तेल सोडलं यापेक्षा किती उरलं ते रोज मोज. नमुना हेक्झेनने काढून वजन केलंस तरी पुरे. तेल तसंच उरत असेल, तर लायपेज कमी पडतंय किंवा तेल नीट फुटून मिसळत नाहीये. तेल संपतंय पण मेदाम्लं साठून सामू घसरतोय, तर पेशींना ती जाळता येत नाहीत. तिथे फीड कमीच कर. दोन्हींवर एकच औषध चालवू नकोस. उरलेलं तेल पुढे एक्स्ट्रॅक्शनमध्ये इमल्शन करतं आणि शिव्या तुम्हालाच पडतात.

हार्वेस्टही लांबवू नका. क्लॅव्युलॅनिक आम्ल ब्रॉथमध्येच मोडत राहतं, सामू साडेसहाच्या आसपास नसेल तर फारच लवकर.

पुढच्या बॅचचा डीओचा आलेख पाठव. तेलाच्या पिंपाची पेरॉक्साइड व्हॅल्यूही काढून घे. खवट तेल असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पिंप बदला.

तुझा,
मामा