लाजऱ्या मुलाला जादू शिकवायची, तर खर्च किती?

पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारं मूल घरात असेल, तर कोणी ना कोणी सुचवतंच: त्याला जादू शिकवा, भीड चेपेल. सल्ला वाईट नाही. पण तो ऐकून पालक थेट खेळण्यांच्या दुकानात जातात आणि हजार-बाराशेची पेटी उचलतात. माझं ऐकाल तर पहिले दोन महिने दीडशे रुपयांच्या वर जाऊच नका. (इथले सगळे दर अंदाजे आहेत; गावागणिक, दुकानागणिक फरक पडेल.)

पत्त्यांचा साधा जोड पन्नास ते शंभर रुपयांत मिळतो. परदेशी बनावटीचा गुळगुळीत जोड तीनशे ते पाचशेला पडतो, पण त्याची इतक्यात गरज नाही. जोडातून एकवीस पत्ते काढा. एकेक पत्ता आळीपाळीने टाकत सात-सात पत्त्यांच्या तीन उभ्या रांगा मांडायच्या. समोरच्याने एक पत्ता मनात धरायचा आणि फक्त रांग सांगायची. ती रांग इतर दोन रांगांच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करायचे, पुन्हा तसेच मांडायचे. तिसऱ्यांदा गोळा केले की मनातला पत्ता वरून बरोब्बर अकरावा येतो. हातचलाखी काहीच नाही, सगळं काम गणित करतं.

लाजऱ्या मुलासाठी याहून चांगली पहिली जादू मला माहीत नाही. बऱ्याचदा अशा मुलांचं घोडं अडतं ते आयत्या वेळी काय बोलावं, इथे. या खेळात वाक्यं ठरलेली असतात: ‘एक पत्ता मनात धरा. मला सांगू नका. आता कोणत्या रांगेत आहे?’ तोच प्रश्न तीनदा विचारायचा. नजर पत्त्यांवर ठेवायला कोणी हरकत घेत नाही. शिवाय गुपित मुलाला ठाऊक असतं आणि समोर बसलेल्या काकांना नसतं! आधी आरशासमोर, मग आजीसमोर, मग शेजारच्या एखाद्या मित्रासमोर, अशा पायऱ्या ठेवा. आल्यागेल्यासमोर ‘दाखव रे तुझी जादू’ असा हुकूम मात्र सोडू नका.

उरलेल्या पैशांत दोन मीटर सुती दोरी आणि रबरबँडचं पाकीट आणा. नाणं, रुमाल घरात असतातच. रुमाल गायब करायचा नकली अंगठा साधारण शंभर-दीडशेला मिळतो, पण तो नंतर घेतला तरी चालेल.

चारशेपासून दीड हजारापर्यंतच्या पेट्यांवर ‘१०० जादू’ असं छापलेलं असतं. त्या आकड्याला भुलू नका. एकाच डबीचे चार-पाच प्रकार वेगवेगळे मोजून तो फुगवलेला असू शकतो. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. यातल्या पुष्कळ वस्तू आपोआप चालतात. मूल डबी उघडतं, दाखवतं, बंद करतं आणि तोंडातून शब्दही काढत नाही. मग हजार रुपये कशासाठी मोजले? तरीही पेटी घ्यायचीच असेल तर आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. सुटे, लहान लोहचुंबक असतील तर धाकट्या भावंडांच्या घरात ती पेटी नकोच. गिळले गेले तर आतड्याला गंभीर इजा होऊ शकते.

जादूने आत्मविश्वास वाढतो याला आधार आहे का? आहे, पण जपून मानावा असा. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन स्वतः जादूही करतात. त्यांनी २०१८ साली सहकारी संशोधकासोबत अशा उपक्रमांचा आढावा घेतला. चिन्हं आशादायक दिसली, मात्र बरेचसे अभ्यास लहान होते. तेव्हा ‘हमखास व्यक्तिमत्त्व विकास’ अशा जाहिरातीचे जास्त पैसे देऊ नका. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिना उलटूनही अजिबात बोलत नसेल, तर तो नुसता लाजाळूपणा नसेलही. जादूच्या वर्गाआधी बालमानसतज्ज्ञाला दाखवा.

वर्ग लावायचाच झाला तर सुट्टीतल्या दोन-तीन दिवसांच्या शिबिराला हजार ते तीन हजार आणि घरी येऊन शिकवणाऱ्याला तासाला पाचशे ते हजार धरून चला. फी भरण्याआधी एक तास बसून पाहू द्या म्हणावं. गटात दहा-बारापेक्षा जास्त मुलं असतील तर लाजरं मूल मागच्या रांगेतच राहतं. साहित्य फीमध्येच आहे ना, शेवटच्या दिवशीच्या कार्यक्रमाचे आणि पोशाखाचे वेगळे पैसे आहेत का, आणि त्या दिवशी मंचावर जायला मूल नको म्हणालं तर चालेल का, हे विचारा. निवेदन घरच्या भाषेत करू देतात का, हेही पाहा. पुण्याच्या रघुवीर घराण्याने तीन पिढ्या मराठी प्रेक्षकांसमोर जादू रंगवली आहे, मग मुलाला इंग्रजी वाक्यं पाठ करायला लावायचं कारण नाही.

मूल मध्येच यायचं थांबलं तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्या. ठरल्याप्रमाणे वागले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.