गावरान कोंबडी : पिसांचा रंग आणि वाढ

अमरावती-अकोला भागात अनेक भगिनी परसात चार-दोन गावरान कोंबड्या पाळतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च कधी त्यावरच निघतो. म्हणून कोणते पिल्लू राखावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पिसांचा काळा व तांबूस रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. तो आनुवंशिक असतो. परंतु नुसत्या रंगावरून वजन ठरत नाही. काळ्या पिसांची प्रत्येक कोंबडी कडकनाथही नव्हे. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथची (भौगोलिक मानांकन, २०१८) कातडी व मांसही काळे असते.

उघड्या मानेचे पिल्लू मात्र कित्येकदा कुरूप म्हणून टाकले जाते. वस्तुतः तो एका जनुकाचा गुण आहे. हे जनुक एकाच पालकाकडून आल्यास पिसे सुमारे २० टक्के, दोघांकडून आल्यास सुमारे ४० टक्के कमी असतात. पिसे प्रथिनांचीच बनतात. तेथे वाचलेली प्रथिने शरीराच्या वाढीस मिळतात. उघड्या कातडीतून उष्णताही बाहेर पडते. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा अशी कोंबडी अधिक तग धरते. थंडीत तिला ऊब मात्र द्यावी.

तेव्हा बंधू-भगिनींनो, रूप पाहून पिल्लू टाकू नका. गुण पारखून राखा.