स्वयंचलित गिअरबॉक्स: बिघाडाचे निदान आणि कारागिराची निवड

मोटारीचा गिअरबॉक्स सुरळीत चालत असतो तोवर त्याची कोणाला आठवणही होत नाही. तो बिघडला म्हणजे मात्र मालकाची झोप उडते. साध्या गिअरबॉक्सच्या बाबतीत चालकाच्या हातापायांना दुखण्याची चाहूल आधीच लागते. क्लच घसरू लागला तर ते पायाला जाणवते, गिअर अडू लागला तर दांडा तसे सांगतो. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ही कामे यंत्राने स्वतःकडे घेतलेली असतात. त्यामुळे चालकाचे श्रम वाचतात. परंतु यंत्राशी असलेला त्याचा परिचयही तितकाच कमी होतो. बिघाडाच्या वेळी तो सर्वस्वी कारागिराच्या शब्दावर विसंबतो आणि पुष्कळदा त्याची किंमत मोजतो.

मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली बाजारात आणला. भारतात ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ या छोट्या गाडीत स्वस्त स्वयंचलित गिअरबॉक्स आला आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय घरांतही तो पोहोचला. साहजिकच त्याच्या दुखण्यांचा विचार आता अनेकांना करावा लागतो.

चार प्रकार

निदानाची पहिली पायरी म्हणजे गाडीत कोणत्या प्रकारचा गिअरबॉक्स आहे हे जाणणे. कारण एका प्रकारात जो दोष ठरतो, तोच दुसऱ्या प्रकारात स्वभाव असतो.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिन व गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक बंदिस्त पात्र असते. इंजिनाकडील पाती तेलाला फिरवतात आणि ते फिरणारे तेल गिअरकडील पात्यांना गती देते. पुढे ग्रहचक्रांची रचना असते. वेगवेगळे क्लच तेलाच्या दाबाने आवळले किंवा सोडले जातात आणि गिअर बदलतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सीव्हीटीमध्ये, ठरावीक गिअर नसतातच. दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते आणि कप्प्यांची रुंदी बदलून गती बदलते. तिसऱ्या प्रकारात दोन क्लच असतात. एक सम गिअरांसाठी व दुसरा विषम गिअरांसाठी. चौथा प्रकार एएमटीचा. हा वस्तुतः साधाच गिअरबॉक्स होय. केवळ क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्र करते.

यावरून काही गोष्टी उघड होतात. एएमटीच्या गाडीने गिअर बदलताना किंचित मान डोलावल्यासारखे करणे हा तिचा स्वभाव आहे. सीव्हीटीच्या गाडीत इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो; त्याला कोणी ‘गिअर घसरतो’ म्हणाले तर ते अज्ञान तरी असते किंवा लबाडी तरी. एएमटीचा क्लच झिजला तर क्लच बदलावा लागतो, संपूर्ण गिअरबॉक्स नव्हे.

प्रथम तेल पाहावे

वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तसे येथे आधी तेल पाहावे. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल वंगण तर असतेच, शिवाय ते दाब पोहोचवते आणि उष्णताही वाहून नेते. म्हणून ते थोडे जरी कमी झाले तरी दाब पडतो, क्लच पुरते आवळले जात नाहीत व घसरू लागतात.

तेलाची पातळी कशी पाहावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. काही गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून पातळी पाहतात, काहींत ते बंद करून. अनेक आधुनिक गाड्यांत मापाची पट्टीच नसते. तेथे गाडी उचलून तपासणी करावी लागते व ते काम कारखान्याचेच होय. हे तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणे जळून कमी होत नाही. पातळी उतरली असेल तर गळती आहे असेच समजावे आणि नुसती भर घालून स्वस्थ बसू नये.

रंग आणि वासही बोलके असतात. बहुतेक नवे तेल तांबडे व स्वच्छ असते. ते तपकिरी झाले व त्याला करपल्यासारखा वास येऊ लागला, तर क्लचचे अस्तर जळत आहे. ते दुधट गुलाबी दिसले तर रेडिएटरमधील पाणी तेलात मिसळले आहे. अशी गाडी एक मैलही चालवू नये. तेलपात्राच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी जमणे स्वाभाविक आहे. चमकणारे कण वा धातूच्या कपच्या मात्र गंभीर झिजेची खूण होत.

‘या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’, असे काही वेळा सांगितले जाते. पुस्तिकेतील बारीक अक्षरे वाचली तर कडक उन्हाळा, सततची वाहतूककोंडी, घाट, जड ओझे अशा परिस्थितीसाठी वेगळे वेळापत्रक अनेकदा आढळते. भारतातील बहुतेक गाड्या याच परिस्थितीत धावतात. तेल बदलताना पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. सीव्हीटीत दुसऱ्या प्रकारचे तेल घातल्यास पट्टा व कप्पी यांची कायमची हानी होऊ शकते.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

कारागिराकडे जाण्यापूर्वी मालकाने आठवडाभर एका वहीत टिपणे ठेवावीत. दोष थंड गाडीत दिसतो की गरम झाल्यावर? कोणत्या वेगाला? चढावर की सपाट रस्त्यावर? ही चार ओळींची टिपणे तासाभराच्या तर्कापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

पार्कमधून ड्राइव्हमध्ये दांडा आणल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करीत राहिली, तर तेलाचा दाब उशिरा तयार होत आहे. इंजिन जोरात फिरते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहेत. मध्यम वेगाने एकसारखे जात असताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लचचा संशय घ्यावा. मोकळ्या रस्त्यावर अशा वेळी ब्रेकच्या पेडलला नुसता हलका स्पर्श केला असता अनेक गाड्यांत हा क्लच सुटतो. त्यासरशी थरथर थांबली तर संशय दृढ होतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून संथ चालू लागली, तर संगणकाने दोष ओळखून गिअरबॉक्सच्या रक्षणासाठी तसे केलेले असते.

परंतु अनेक दुखणी गिअरबॉक्सची वाटतात आणि असतात मात्र दुसऱ्याच भागाची. खराब स्पार्क प्लगमुळे इंजिन अडखळते व तो गिअरचा धक्का वाटतो. इंजिनाचे माउंटिंग तुटले तर रिव्हर्स टाकताना ‘धप्’ असा आवाज होतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर गिअरबॉक्सच्या माथी मारली जाते. दांडा पार्कमधून हलतच नसेल, तर कोणालातरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबल्याचा संकेत मिळाल्याखेरीज दांडा सुटत नाही; बिघाड केवळ एका फ्यूजचा किंवा स्विचचा असू शकतो. एएमटी व दोन क्लचच्या गाड्यांत तर अशक्त बॅटरीही गिअरबॉक्सचे सोंग आणते.

बंद पडलेली स्वयंचलित गाडी दोर बांधून ओढू नये. इंजिन बंद असताना बहुतेक गिअरबॉक्समधील तेलाचा पंप फिरत नाही. चाके फिरत राहतात आणि आतील भाग कोरडे घासतात. गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या वाहनावरच चढवावी.

संगणकाचे संकेत

आधुनिक गाडीतील संगणक दोषांची नोंद संकेतांकांनी ठेवतो आणि छोट्या उपकरणाने ते वाचता येतात. येथे एक भ्रम टाळला पाहिजे: संकेतांक दोष कोणत्या दिशेला आहे ते दाखवतो, कोणता भाग बदलावा ते नव्हे. ‘पी ०७००’ याचा अर्थ एवढाच की, गिअरबॉक्सच्या नियंत्रणात काहीतरी नोंदले गेले आहे. ‘पी ०७४१’ हा अंक लॉक-अप क्लच नीट आवळला जात नसल्याचे सांगतो. त्यामागे जुने तेल, खराब सोलेनॉइड, व्हॉल्व्हच्या साच्यातील झीज, तुटकी तार किंवा खुद्द कन्व्हर्टर यांपैकी काहीही असू शकते. केवळ अंक वाचून जो गिअरबॉक्स उतरवायला सांगतो, त्याने निदान केले असे म्हणता येत नाही.

कारागिराची निवड

समजा, नागपूर व जबलपूर यांच्या दरम्यान प्रवासी नेणाऱ्या एका चालकाची गाडी घाटात गरम झाली की एकाच गिअरमध्ये अडकते आणि थंड झाल्यावर पूर्ववत चालते. गाडी उभी राहिली तर त्याची रोजची मिळकत बुडते. साहजिकच तो घाईत आहे. पहिला कारागीर गाडी न चालवताच म्हणतो, ‘भाऊ, गिअरबॉक्स खोलावाच लागेल.’ दुसरा तेल बदलून पाहू म्हणतो. तिसरा विचारतो, ‘किती अंतर गेल्यावर असे होते?’ तो चालकाला शेजारी बसवून गाडी गरम होईपर्यंत चालवतो, संकेतांक लिहून घेतो आणि मग तारांची जोडणी तपासतो. दोष काय निघेल हे आधी सांगता येत नाही. पण गाडी कोणाच्या हाती द्यावी, हे या तीन उत्तरांनीच ठरते.

विश्वासू कारागीर ओळखण्याच्या खुणा फारशा गूढ नाहीत. तो आधी गाडी चालवून पाहतो. तपासणीची मजुरी वेगळी सांगतो. अंदाजपत्रक लेखी देतो व त्यात भाग, मजुरी, तेलाची जात आणि हमीची मुदत नमूद करतो. खोलल्यानंतर खर्च वाढणार असेल तर पुढे जाण्यापूर्वी विचारतो. बदललेले जुने भाग परत देण्यास तो का-कू करीत नाही. उलट, आधी नाममात्र रक्कम सांगून गिअरबॉक्स खोलणारा आणि मग सुटे भाग जमिनीवर मांडून दुप्पट मागणारा टाळावा; कारण त्या अवस्थेत मालकाला गाडी दुसरीकडे नेणेही अवघड होते. म्हणून ‘खोलल्यावर काम नको असे ठरले तर किती द्यावे लागेल?’ हा प्रश्न आधीच विचारून उत्तर लिहून घ्यावे.

कंपनीच्या अधिकृत कारखान्यात योग्य उपकरणे व भाग मिळतात, परंतु तेथे दुरुस्तीपेक्षा संपूर्ण संच बदलण्याकडे कल असू शकतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र प्रथम तेथेच जावे. मुदत संपल्यावर केवळ स्वयंचलित गिअरबॉक्सचेच काम करणारा जाणता कारागीर पुष्कळदा अधिक लाभदायक ठरतो. गल्लीतील ओळखीचा मिस्त्री गळती, फ्यूज, बॅटरी यांसाठी उत्तम. गिअरबॉक्स खोलण्याचे काम त्याच्या गळ्यात घालू नये, आणि प्रामाणिक मिस्त्री ते स्वतःच नाकारतो.

कायद्याचा आधार

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केले आहे त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. विरुद्ध करार नसेल तर गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्यालाही तो लागू होतो. म्हणजेच वाद झाला तर गाडी त्याच्या दारात उभी राहील. मोबदला ‘योग्य’ कोणता, हे दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आधी घेतलेले लेखी अंदाजपत्रक.

दुसऱ्या बाजूला, २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येते. त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवेच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तडजोडीचा प्रयत्न करता येतो. या सर्व ठिकाणी पावती, अंदाजपत्रक आणि जुने भाग यांनाच किंमत असते. तोंडी आश्वासनांना नव्हे.

सारांश, निदानाचा मार्ग स्वस्तापासून महागाकडे जावा: प्रथम टिपणे, मग तेल, मग फ्यूज व बॅटरी, मग संकेतांक, मग दाबाची तपासणी, आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स खोलणे. हा क्रम जो कारागीर पाळतो त्याच्या हाती गाडी सोपवावी, आणि जो उलट्या क्रमाने चालतो त्याच्या दारातून ती चालू अवस्थेत असतानाच परत आणावी.