लोहमार्गावरची गावे

मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी कल्याण सोडते, कसारा घाट चढते आणि इगतपुरीला येते. पुढे नाशिक रोड, मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा अशी स्थानके लागतात. तुमच्यापैकी काहींनी हा प्रवास केला असेल. हा लोहमार्ग नसता, तर ही गावे आज अशीच दिसली असती का?

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ही गाडी धावली. १८६५ साली मार्ग घाट चढून गेला आणि १८६७ साली तो नागपूरला पोहोचला. वाटेत डोंगर व नद्या असूनही इंग्रजांना एवढी घाई का होती? त्याचे उत्तर आहे कापूस! १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मग त्यांची नजर खानदेश आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. पूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून मुंबईला जाई. वाटेत तो धुळीने मळे, पावसात भिजे. आगगाडी आली आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आले. स्थानकांजवळ कापसातील सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने निघाले. बाजार भरले.

पण गाडीने कापूस नेला आणि परत काय आणले? विलायती कापड! त्यामुळे गावोगावच्या विणकरांचे माग थंडावले. जमशेटजी टाटांनी वेगळा विचार केला. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ होता आणि माल न्यायला रेल्वे होती. जिथे कापूस पिकतो, तिथेच त्याचे कापड होऊ लागले. गाडी तीच, पण आता तिच्यातून तयार मालही जाऊ लागला.

भुसावळची गोष्ट निराळी आहे. येथून एक मार्ग नागपूरकडे आणि दुसरा खंडव्याकडे जातो. पुढे सुरतेकडूनही मार्ग आला. लहानसे गाव जंक्शन झाले. इंजिने, कारखाने, रेल्वेच्या चाळी आणि वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले लोक यांनी ते भरून गेले.

भुसावळच्या पुढे सावदा, निंभोरा, रावेर ही छोटी स्थानके आहेत. प्रवासी ती सहज विसरून जातात. केळीचा शेतकरी मात्र विसरत नाही. येथील केळीचे घड हिरवे असतानाच कापतात आणि मालगाडीने दिल्लीकडे पाठवतात. तेथे पोहोचल्यावर ते पिकवले जातात. गाडी उशिरा पोहोचली, तर केळी वाटेतच पिकू लागते आणि भाव पडतो. डबे वेळेवर मिळाले नाहीत, तर लॉरीचे भाडे भरावे लागते. म्हणून येथे वर्षभराची कमाई वेळापत्रकावर टांगलेली असते. (माल, मजूर, दलाल हे शब्द तुम्हांला नवे नाहीत. ते उर्दूतही आहेत. या स्थानकांवर ते दिवसभर कानांवर पडतात.)

आता मनमाडला परत येऊ. तेथून चाळीस किलोमीटरच्या आत मालेगाव आहे. हजारो यंत्रमागांचे हे शहर! तेथे रात्रंदिवस मागांची खडखड चालते. पण मुख्य लोहमार्ग बाजूने निघून गेला आणि मालेगावला स्थानक मिळाले नाही. सूत रस्त्याने येते, कापड रस्त्यानेच जाते. शहर थांबले नाही, हे खरे. पण प्रत्येक ताग्यावर भाड्याचे ओझे पडते, हेही खरे. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्र सरकारने मंजुरी दिली. या मार्गावर मालेगाव व धुळे येतात. मंजुरी आणि गाडी यांत मात्र बरेच अंतर असते. मालेगावला जाणारा प्रवासी अजून मनमाडला उतरतो, पिशवी खांद्यावर टाकतो आणि एस.टी.ची वाट पाहतो.

शब्दार्थ : लोहमार्ग – रेल्वेचा रस्ता, यादवी युद्ध – एकाच देशातील लोकांचे आपसांतील युद्ध, सरकी – कापसाचे बी, तागा – कापडाचे ठाण.

स्वाध्याय
१. विणकरांचे माग का थंडावले?
२. केळीच्या शेतकऱ्याला गाडीच्या वेळेची काळजी का वाटते?
३. तुमच्या गावात बाहेरून कोणता माल येतो आणि कोणता जातो? घरी विचारून पाच वाक्ये लिहा.