कर्मेलपासून कोर्लईपर्यंत : घरची भाषा आणि शेजारधर्म

शास्त्रपाठ : नहेम्या १३:२३-२७, यिर्मया २९:४-७, प्रेषितांची कृत्ये २:१-११



शब्बाथशाळेत एलीयाची गोष्ट सांगताना आपण मुलांना नकाशावर कर्मेल डोंगर दाखवतो. त्या डोंगरावर आज इस्फिया नावाचे गाव आहे. तेथे द्रूझ आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी राहतात. द्रूझ पंथ अकराव्या शतकात मिसर देशात उदयास आला. मोशेचा सासरा इथ्रो ह्याला ते फार मान देतात. आपले धर्मग्रंथ मात्र दीक्षा घेतलेल्यांखेरीज कोणास दाखवीत नाहीत. दोन्ही समाजांचा विश्वास वेगळा, पण बोली एकच, अरबी.

कर्मेलचे नाव धारण करणारे एक मंदिर आपल्या कोकणातही आहे. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई हे गाव वसले आहे. तेथील रोमन कॅथलिक बांधवांचे मंदिर माउंट कार्मेल मातेच्या नावाचे आहे. गावात हिंदू कोळी आणि ख्रिस्ती असे दोन्ही समाज आहेत. इस्फियात विश्वास दोन आणि बोली एक. कोर्लईत विश्वास दोन आणि घरच्या बोलीही दोन.

हे कसे घडले? चौलला पोर्तुगिजांनी १५२१ च्या सुमारास ठाणे घातले. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या हाती आले व पोर्तुगीज निघून गेले. गरीब ख्रिस्ती रयत मात्र मागे राहिली. तिच्या पाठीशी राज्य नव्हते, आणि तिच्या बोलीला शाळाही नव्हती. तरीही सुमारे हजार लोकांच्या घरांत ती बोली आपल्या काळापर्यंत टिकली. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याचा बांधा मराठीसारखा : क्रियापद शेवटी येते. शेजाऱ्याची भाषा तिने आत घेतली, आणि तरी ती ‘आमची’च राहिली. आता मात्र मुले मराठीत शिकतात आणि उपासनाही मराठीत होते, म्हणून तिचे पुढे काय होणार हा प्रश्न आहे.

छाणी-वडोदऱ्याच्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न परका नाही. १७३४ पासून वडोदऱ्यावर गायकवाडांचा अंमल स्थिरावला व मराठी येथे रुजली. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. आमची मुले गुजराती वा इंग्रजी शाळेत जातात. कित्येकांना मराठी गीत तोंडपाठ येते, पण मराठी पवित्र शास्त्र वाचता येत नाही. मग आजीची प्रार्थना नातवंडांना अर्ध्यावरच कळते.

ह्याविषयी शास्त्र काय शिकवते? मुलांना आपली भाषा येईना हे पाहून नहेम्या व्याकूळ झाला. परंतु त्याचे दुःख भाषेपुरते नव्हते. भाषेबरोबर देवाचे वचनही हातचे जाईल, हे भय त्यात होते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी मात्र आत्म्याने कोणा एका भाषेस पवित्र ठरवले नाही. ज्याला त्याला स्वतःच्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली. आणि यिर्मयाने बंदिवानांना परक्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. तेव्हा गुजराती ही आमची शत्रू नव्हे. ती चांगली शिकावी, शेजाऱ्याशी तिच्यात गोड बोलावे. पण घरातील कुटुंबप्रार्थना मराठीत चालू ठेवावी. जी भाषा स्वयंपाकघरात आणि गुडघ्यांवर टिकते, तिला राज्याचा आधार लागत नाही.

शिक्षकांसाठी सूचना : प्रत्येक रविवारी एक वचन मुलांकडून मराठीत वाचून घ्यावे आणि त्याचा अर्थ ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत विचारावा. अडखळणाऱ्या मुलास हसू नये.

चर्चेसाठी प्रश्न :
१. नहेम्या १३ व प्रेषितांची कृत्ये २ ह्यांतील भाषेविषयीचे विचार एकमेकांस कसे पूरक आहेत?
२. आपल्या शेजाऱ्याच्या भाषेने आपल्या बोलीत काय भर घातली आहे?
३. आपल्या घरी गेल्या आठवड्यात कोणत्या भाषेत प्रार्थना झाली, आणि ती घरातील किती जणांना समजली?