तळ्यांतील कचरा कोठून येतो?

गांवच्या तळ्यांत कचरा कोण टाकतो असें विचारिलें, तर बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळतें : "आम्ही नव्हे, दुसरे लोक." हें उत्तर सर्वस्वी खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कांठावर उभें राहून पाण्यांत केर फेंकणारीं माणसें खरोखरच थोडीं असतात. मग तळें घाण होतें तें कसें? ह्याचा उलगडा व्हावयास मृगाचा पहिला पाऊस पाहिला पाहिजे. तळें उताराच्या शेवटीं असतें. ज्या ज्या जमिनीवरचें पाणी त्यांत उतरतें, तिच्यावरील केरहि त्याच्याच पोटांत जातो. चैत्र-वैशाखांत गल्लींत पडलेली तंबाखूची पुडी, दुकानापुढील चहाचा पेला, उकिरड्यावरची पिशवी, हीं सर्व एका सरीनें ओहोळांत व ओहोळांतून तळ्यांत येतात. म्हणून केवळ कांठ झाडणें हा अर्धा उपाय होय. झाडावयाचें तें आपलें दार.

पूर्वीं पत्रावळी, द्रोण व फुटकीं मडकीं हाच गांवचा केर असे, व तो मातींत मिळून जाई. प्लास्टिकचें तसें नाहीं. तें कुजत नाहीं. उन्हानें त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते गाळांत व माशांच्या पोटांत जातात. शिळें अन्न पिशवींत बांधून फेंकिलें, म्हणजे गाय तें पिशवीसकट खाते व तिच्या पोटांत त्याचा गोळा बसतो. डेंग्यू पसरविणारा डांस तर तळ्याच्या मोठ्या पाण्यापेक्षां कांठच्या पेल्यांत सांचलेल्या ओंजळभर पाण्यांतच अंडीं घालतो.

तथापि जें कुजतें तें निरुपद्रवी, असें कोणीं समजूं नये. निर्माल्य, खरकटें, शेण हीं पाण्यांत कुजूं लागलीं म्हणजे तें काम करणारे सूक्ष्म जंतु पाण्यांत विरलेला प्राणवायु संपवितात. साबणाच्या व शेणाच्या पाण्यानें शेवाळ माजतें, तेंहि पुढें मरून कुजतें. पहाटेस मासे पाण्यावर येऊन तोंडें उघडूं लागले, म्हणजे तळें गुदमरत आहे असें जाणावें.

येथें 'शुद्ध' आणि 'स्वच्छ' ह्या दोन शब्दांविषयीं थोडें बोलणें अवश्य वाटतें. ता. २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्यानंतर तेथील कांहीं लोकांनीं दूध, दहीं, शेण व गोमूत्र ह्यांच्या १०८ घागरी ओतून तळें 'शुद्ध' केलें ! जंतूंस ह्याहून उत्तम खाद्य कोणतें? पाणी नासलें असेल तर तें ह्या घागरींनीं. पुढें १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ह्या प्रकरणीं डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें निकाल दिला. ज्यांच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर पाऊल ठेवूं दिलें नाहीं, अशा घरचे पुष्कळ जण आमच्या वाचकांत आहेत. त्यांनीं तळ्याची गोष्ट ग्रामसभेंत काढण्यास संकोच करूं नये. हें पाणी त्यांचेंहि आहे.

गांवाच्या संवयी बदलत नाहींत, अशी तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. नारूचें काय झालें तें पाहा. नारू झालेला मनुष्य विहिरींत किंवा तळ्यांत उतरे, त्याच्या फोडांतून अळ्या पाण्यांत जात, त्या बारीक जलकीटकांच्या पोटांत शिरत, आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्यास सुमारें एका वर्षानें नारू होई. ह्या रोगावर लस नव्हती, त्याला मारणारें औषधहि नव्हतें. लोकांनीं पाणी गाळण्याची संवय धरिली, रोग्यास पाण्यांत उतरूं दिलें नाहीं, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणें बंद केलें. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला.

आतां कामाचें बोलूं. वैशाखाच्या अखेरीस, पावसापूर्वीं, तळ्यास येऊन मिळणारे ओहोळ व नाल्या पायीं चालून पाहाव्या व त्यांतील केर काढावा. तळ्याच्या तोंडाशीं बांबूची विरळ ताटी रोवावी. परंतु पावसाळ्यांत ती वरचेवर मोकळी केली पाहिजे, नाहींतर पाणी तुंबून शेजारच्या घरांत शिरेल व ताटी उपटून टाकण्याची पाळी येईल. कांठचें गवत खरडूं नये, तें गाळ अडवितें. कपडे व भांडीं कांठापासून दूर धुवावीं आणि तें पाणी शोषखड्ड्यांत सोडावें. निर्माल्यासाठीं कांठाजवळ एक खड्डा करून देण्याविषयीं शेजाऱ्यांशीं गोडीनें बोलावें. आपण त्यांच्या फुलांवर बोट ठेवावें आणि आपल्या नाताळच्या जेवणाचीं ताटें ओढ्यांत जावीं, हें बरें दिसत नाहीं. थर्माकोलच्या ताटांस महाराष्ट्रांत २०१८ पासून बंदीच आहे. मंडळीनें एकदां वर्गणी काढून स्टीलचीं ताटें घेतलीं, तर तीं प्रत्येक लग्नास उपयोगीं पडतील.

गोळा केलेलें प्लास्टिक जाळूं नये, त्याचा धूर विषारी असतो. पुरूंहि नये, पुढल्या पावसांत तें उघडें पडतें. तें कोरडें करून पोत्यांत भरावें. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. पुड्या व फाटक्या पिशव्या कोणी विकत घेत नाहीं, म्हणून त्या तालुक्याच्या गांवीं पोंचविण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीकडून करून घ्यावी, आणि ही मागणी ग्रामसभेच्या कार्यवृत्तांत लिहिली गेली कीं नाहीं, तें त्याच दिवशीं वाचून पाहावें.