दात काढल्यावर जबड्याचे हाड कसे राखावे

विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस प्रथम आमच्याच तोंडातील एक गोष्ट सांगतो. आम्ही अकरा वर्षांचे असताना खालच्या जबड्यातील एक दाढ किडली व ती उपटण्यात आली. ठणका थांबला, घरच्या मंडळींस समाधान वाटले, आणि त्या रिकाम्या जागेचा विचार पुढे तीस वर्षे कोणी केला नाही. चाळिशी उलटल्यावर तेथे दात रोवून घ्यावा म्हणून आम्ही गोंदियाहून नागपुरास एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरणांचे चित्र समोर धरले. मागची दाढ पुढे कलली होती, वरची दाढ पोकळीत खाली उतरली होती, आणि हाडाचा काठ सुरीच्या पात्यासारखा निमुळता झाला होता. "दात देता येईल हो, पण तो रोवावयास हाड कोठे आहे?" असे ते म्हणाले.

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हाड जिवंत आहे. शरीर जुने हाड झिजवून नवे घडवीत असते, आणि ज्या हाडास काम उरले नाही ते राखण्याची त्यास गरज वाटत नाही. जबड्याचा जो भाग दातांची मुळे खोबणीत धरून ठेवतो, तो तर दातांबरोबरच तयार होतो. मूळ व खोबणीची भिंत यांच्यामध्ये सूक्ष्म तंतू असतात. चावताना ते ताणले जातात व त्या ताणाने हाडास जाग राहते. आपल्या जिल्ह्यातील तलावांच्या पाळी तुम्ही पाहिल्याच आहेत. पाळीवरचे जुने झाड मुळासकट उपटले, म्हणजे दोन-चार पावसाळ्यांत तेथील माती ढासळू लागते. दात व हाड यांचे नाते काहीसे असेच आहे. उपमा पुरी जुळत नाही, हे कबूल; मातीस पाणी वाहून नेते, हाड मात्र शरीर स्वतःच शोषून घेते.

दात निघताच खोबण रक्ताने भरते व ते रक्त गोठते. त्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही आठवड्यांत कोवळे हाड धरू लागते. म्हणजे खड्डा भरतो खरा. पण त्याच काळात भोवतालच्या भिंती खचतात, आणि गालाकडील पातळ भिंत सर्वांत अधिक. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दात काढल्यापासून वर्षभरात काठाची रुंदी सरासरीने निम्मी झाल्याचे आढळले, आणि त्यातील सुमारे दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. तेव्हा हाडाचा विचार दात काढल्यावर सवडीने करावयाचा नसून, दात काढण्यापूर्वीच करावयाचा असतो.

तो कसा करावा? दंतवैद्याने भिंत न मोडता दात हलक्या हाताने काढावा, ही पहिली गोष्ट. नंतर खोबणीत अस्थिकण भरून वर पातळ पडदा घालतात. हे कण शुद्ध केलेल्या जनावरांच्या हाडाचे, मनुष्याच्या हाडाचे किंवा कृत्रिम असतात. ज्यांस हरकत असेल त्यांनी आधीच विचारून घ्यावे. याने झीज अजिबात थांबते असे नाही, पण ती बरीच कमी होते. अक्कलदाढेच्या जागी याची सहसा गरज नसते. पुढे त्या जागी टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दात बसविता येतो. हा धातू हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनमधील ब्रानेमार्क यांच्या ध्यानात १९५२ साली आले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णास असे दात बसविले. परंतु वाढत्या वयाच्या मुलांस हा उपाय चालत नाही; जबडा वाढत जातो व खिळा मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच, असे समजून लोक तिची हेळसांड करतात व किडली की काढून टाकतात. ती कायमची आहे. तिच्यामागून दुसरी येणार नाही. आमची गेली ती हीच. अशी दाढ मुळाची पोकळी स्वच्छ करून, आत मसाला भरून पुष्कळदा वाचविता येते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून चालू आहे, आणि गाडीने ते गाव आपणांस फार दूर नाही.

दात काढावाच लागला तर कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी. त्या दिवशी चुळा भरू नयेत, थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. गुठळी निसटली तर दोन-तीन दिवसांनी खोबण कोरडी पडून असह्य ठणका लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड धुवावे. आपल्या भागात बिडी व खर्रा यांचे प्रस्थ मोठे आहे. जखम भरेपर्यंत तरी दोन्ही दूर ठेवा, असे दंतवैद्य सांगतात. आम्ही तर "भरेपर्यंत तरी" हे शब्द गाळून सांगू. ज्यांच्या जबड्यावर कर्करोगासाठी किरणोपचार झाले आहेत, त्यांनी ते सांगितल्यावाचून दात कधीही काढून घेऊ नये. तेथील हाड भरून न येता मरू शकते.

आमच्या मातोश्रींचे खालचे दात काढावयाची वेळ आली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. दंतवैद्यांनी त्यांचे दोन सुळे वरून कापून मुळे जागीच ठेविली आणि त्यांवर कवळी बसविली. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाच वर्षांच्या पाहणीत, सुळ्यांची मुळे राखलेल्यांच्या खालच्या जबड्याची उंची पुढच्या भागात सुमारे अर्धा मिलिमीटर घटली होती, तर सर्व दात काढून कवळी बसविलेल्यांची पाच मिलिमीटरांहून अधिक. मातोश्रींस हे आकडे ठाऊक नाहीत. शेजारच्या आजींची कवळी बोलताना उचलली जाते व त्या ती पदराच्या गाठीत बांधून ठेवितात. मातोश्री मात्र रोज सकाळी त्या दोन खुंटांवर बोटाने मंजन घासतात आणि दुपारी फुटाणे खातात.